साभार परत

कविता लिहिणाऱ्या माणसाला 'साभार परत' हे दोन शब्द पाठ असतात. माझ्या तरुणपणी मासिकाला कविता पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे. महिना-दोन महिन्यांनी ते पाकीट पोस्टमनच्या हातात दिसलं की न फोडताच आतला मजकूर कळायचा. वाईट वाटायचं, पण कविता मोकळी व्हायची. ती दुसरीकडे पाठवता यायची.

मग ई-मेल आला. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने माझ्याकडे कविता मागितल्या. मी ई-मेलने पाठवल्या. उत्तर नाही. दोनदा विचारलं, तेही ई-मेलनेच. तरीही शांतता. मनात आलं, आपलं काही चुकलं का? मीही अबोला धरला. अंक निघाल्यावर एका कार्यक्रमात संपादक भेटले, तर तेच रागावलेले. "कबूल करून कविता पाठवल्या नाहीत तुम्ही!" नंतर उलगडा झाला. त्यांच्या कार्यालयाच्या सर्व्हरने माझी पत्रं स्पॅम, म्हणजे नको असलेली जाहिरातबाज पत्रं समजून परस्पर नष्ट केली होती. त्याने त्यांनाही सांगितलं नाही आणि मलाही नाही.

माझा भाचा संगणकाच्या कामात आहे. त्याला विचारलं, "अडवायचं तर अडवा, पण अडवल्याचं कळवायला काय हरकत आहे?" तो म्हणाला, "मामू, कळवायला हवंच. पण कुठे उभं राहून कळवायचं, हा खरा प्रश्न आहे."

ई-मेलचं टपाल एसएमटीपी नावाच्या नियमाने चालतं. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी तो लिहून काढला. त्यात दोन सर्व्हरमध्ये चक्क संवाद होतो. पत्र आणणारा दारात उभा राहून सांगतो, मी अमुक, पत्र अमक्याचं, तमक्यासाठी. आतला तीन आकडी क्रमांकाने उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक आहे. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नको, थोड्या वेळाने या. ५५० म्हणजे घेत नाही. हा नकार ऐकला की पत्र आणणारा सर्व्हर आपल्या माणसाला कळवतो, तुमचं पत्र पोचलं नाही. यालाच बाउन्स म्हणतात. पण एकदा पत्र घेतलं, की जबाबदारी घेणाऱ्याची. त्याने ते पोचवावं, नाहीतर न पोचल्याचं कळवावं, असं हा नियमच सांगतो.

मग घेतलेलं स्पॅम नंतर परत पाठवावं का? इथेच घोळ आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो, तसंच ई-मेलचंही आहे. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ नावाचा विषाणू जगभर पसरला. तो ज्या संगणकात शिरे, तिथले पत्ते गोळा करी आणि त्यांतलाच एखादा पत्ता पाठवणारा म्हणून घाले. अनेक सर्व्हरवरच्या विषाणू शोधणाऱ्या यंत्रणा इमानदारीने त्या पत्त्यावर कळवत राहिल्या, 'तुमच्या पत्रात विषाणू सापडला.' ज्यांनी काहीच पाठवलं नव्हतं, त्यांच्या पेट्या या खुलाशांनी भरल्या. याला बॅकस्कॅटर म्हणतात. असे खुलासे वाटत सुटणारा सर्व्हर स्वतःच काळ्या यादीत जाऊ शकतो. पुढे पाठवणारा खरा की तोतया हे पडताळण्याच्या एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१२ मध्ये डीमार्क अशा पद्धती आल्या. तोतयेगिरी अवघड झाली, पण संपली नाही.

म्हणून सर्व्हरला पत्र नकोच असेल, तर त्याने दारातच ५५० म्हणावं. स्पॅमवाल्याचं यंत्र बहुधा ते ऐकून पुढे निघून जातं, आणि खऱ्या माणसाला मात्र त्याचाच सर्व्हर बातमी देतो. दार लावून घेतल्यावर शंका आली, तर पत्र स्पॅमच्या कप्प्यात ठेवावं. ज्याचं पत्र आहे, त्याला ते पाहता तरी येईल. पाकिटावरच्या नावाला उत्तर धाडू नये आणि गुपचूप फाडूनही टाकू नये.

आता एका माणसाने दुसऱ्याला ब्लॉक करण्याची गोष्ट. इथे माझं मत उलटं आहे. एखाद्या मुलीला कुणी रोज नकोशी पत्रं पाठवत असेल आणि तिने त्याला अडवलं, तर त्याला तसं कळवणं म्हणजे 'दुसऱ्या नावाने या' असं सुचवणंच. अ‍ॅपलच्या मॅक संगणकावरच्या मेलमध्ये पूर्वी बाउन्सची सोय होती. आलेलं पत्र जणू पोचलंच नाही, असा खोटा शेरा मारून ते परत पाठवता येई. २०११ च्या लायन आवृत्तीत ती काढली गेली. जीमेलने २०१५ मध्ये ब्लॉकची सोय दिली. त्यात अडवलेल्याचं पत्र स्पॅममध्ये जातं, त्याला काही कळवलं जात नाही. मला हे योग्य वाटतं. यंत्राने माणसाला अंधारात ठेवू नये. पण कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, याचं कारण द्यायला माणूस बांधलेला नाही.

आपल्यापुरतं सांगायचं, तर आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडून बघावा. महत्त्वाचं पत्र पाठवलं, तर पाठोपाठ फोन करावा. आणि उत्तर आलं नाही म्हणून लगेच मन कडू करून घेऊ नये. कदाचित समोरचा माणूसही तुमची वाटच पाहत असेल.

पुढच्या वर्षी मी त्या संपादकांना तीन कविता पुन्हा पाठवल्या आणि फोनही केला. दोन त्यांनी छापल्या. तिसरीबद्दल उत्तर आलं, 'साभार परत'. खरं सांगतो, ते वाचून बरं वाटलं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)