बांधावरील तणे, तणनाशके आणि आपली वनौषधी

गेल्या काही वर्षांपूर्वीची भाद्रपदातील गोष्ट. आमच्याकडे नेहमी वनस्पती आणून देणाऱ्या बाईंनी पुनर्नवेची एक मोठी मोळी आणली. मुळे जाड, वेल रसरशीत. फक्त शेंड्याकडील पाने किंचित पिवळसर दिसत होती. पाऊस भरपूर असताना हा पिवळेपणा कशाने, असे सहज विचारले असता त्या म्हणाल्या, "मालकांनी आठ दिवसांमागं बांधाला औषध मारलंय. पण मधी पाऊस पडून गेला, डॉक्टर. आता काय राहिलंय त्यात?"

शेतकरी तणनाशकालाही औषधच म्हणतो आणि आपणही ज्यास औषध म्हणतो ते त्याच बांधावरून येते. ती मोळी आम्ही पैसे देऊन घेतली व खड्ड्यात पुरली. परंतु त्याच बांधावरून त्या हंगामात याआधी तीन मोळ्या येऊन गेल्या होत्या व त्या पुनर्नवाष्टक क्वाथाच्या भरडीत मिसळल्या गेल्या होत्या. त्या फवारणीपूर्वीच्या की नंतरच्या, हे सांगणारी एकही नोंद आमच्याजवळ नव्हती. शोथाच्या व वृक्कविकाराच्या रुग्णांस द्यावयाची ती भरड आम्ही संपूर्ण बाजूला काढली. नुकसान झाले, पण त्याहून अधिक लागली ती आपल्याच निष्काळजीपणाची टोचणी.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कशी घ्यावी हे सांगताना, ती ज्यांनी दूषित झालेली नसावी अशा गोष्टींची यादी दिली आहे. त्या यादीत कृमी व विष ही दोन्ही एकापाठोपाठ येतात. आज कृमी व तण घालविण्यासाठी विषच वापरले जाते, आणि एक दोष टाळताना दुसरा पदरी पडतो.

पुनर्नवा, भुईआवळी, माका, आघाडा, गोखरू, चिकणा (बला), शरपुंखा, टाकळा, हरळी, लव्हाळा ही आपल्या नित्य वापरातील द्रव्ये शेतकऱ्याच्या लेखी तणेच होत. यांची लागवड जवळजवळ कोणी करीत नाही. ती बांधावरून, पडीतून, उसाच्या सरीतून उपटून आणली जातात. मजुरी वाढली, खुरपणीला माणसे मिळेनाशी झाली आणि फवारणीचा पंप घरोघर आला. तेव्हा हा प्रश्न एखाद्या गावाचा राहिलेला नाही.

तणनाशकांचे वागणे एकसारखे नसते. पॅराक्वाट ज्या पानावर पडते तेवढे भाग जाळते व एक-दोन दिवसांतच पाने करपलेली दिसतात. अशी वनस्पती सहसा कोणी आणत नाही. धोका आहे तो ग्लायफोसेट व टू-फोर-डी यांसारख्या आंतरप्रवाही द्रव्यांचा. ही पानांतून शोषली जाऊन वनस्पतीच्या आत वाहतात. ग्लायफोसेट तर मुळांपर्यंत व कंदापर्यंत पोहोचते. लव्हाळा व हरळी यांच्या नाशासाठी त्यास जी पसंती मिळते ती याच गुणामुळे. पुनर्नवेचे मूळ व मुस्तेचा कंद हेच आपले प्रयोज्य अंग! शिवाय फवारणीनंतर आठवडा-पंधरवडा वनस्पती हिरवी राहू शकते, आणि तिला उपटणाऱ्यास त्यात काही वावगे दिसत नाही.

पावसाने पानांवरचे धुतले जाईल. आत शिरलेले धुतले जात नाही. ग्लायफोसेट पाण्यात सहज विरघळते व क्वाथाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणजे वनस्पतीत असेल तर ते काढ्यात उतरणारच. फवारणीनंतर किती दिवसांनी अशी वनस्पती चालेल, असा प्रश्न आम्हांस विचारला जातो. तणनाशक हे तण मारण्यासाठीच असल्याने, ते तण पुढे कोणाच्या पोटात जाईल ही कल्पना त्याच्या लेबलमागे नाही. चालेल असा दिवसच नाही, असे धरून वागावे.

फार्मसीमालकांनी आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. कीटकनाशक अवशेषांच्या नेहमीच्या तपासणीत मुख्यतः ऑर्गॅनोक्लोरीन, ऑर्गॅनोफॉस्फेट व पायरेथ्रॉइड गटांतील द्रव्ये पाहिली जातात. ग्लायफोसेटसाठी वेगळी पद्धती लागते व ती वेगळी मागावी लागते. 'अवशेष आढळले नाहीत' असा दाखला हाती आला म्हणजे कोणती द्रव्ये तपासली याची यादी प्रयोगशाळेकडून मागून वाचावी.

तपासणीपेक्षा नोंद स्वस्त पडते. आता प्रत्येक मोळीबरोबर गाव, शेत, उपटल्याची तारीख आणि 'या हंगामात येथे फवारणी झाली काय' एवढ्या चार गोष्टी आम्ही वहीत लिहितो. प्रश्न विचारताना 'औषध मारले का' असेच विचारावे. 'तणनाशक' म्हटल्यास पुष्कळांस बोध होत नाही. खरे सांगणाऱ्याची मोळी नाकारून त्यास रिकाम्या हाताने परत पाठवू नये. एकदा तसे केले की पुढच्या वेळी खरे उत्तर मिळत नाही.

याहून पुढचे पाऊल म्हणजे काही शेतकऱ्यांशी थेट ठरवून घेणे. बांध ते फवारणार नाहीत. आमची माणसे पावसाळ्यात दोन-तीन वेळा येऊन हाताने तण काढतील व घेऊन जातील. शेतकऱ्याची खुरपणी वाचते, आम्हांस निर्धोक द्रव्य मिळते. मात्र उसाच्या वा मक्याच्या पिकालगतचा बांध घेऊ नये. शेजारच्या फवारणीचे तुषार वाऱ्याने दूरवर येतात.

ज्यांची स्वतःची औषधी बाग आहे त्यांनाही तण सुटलेले नाही. लव्हाळा वारंवार खुरपल्याने कमी होत नाही; तुटलेला प्रत्येक कंद नव्याने फुटतो. चैत्र-वैशाखात खोल नांगरट करून कंद उन्हात वाळविणे व नांगरामागून ते वेचून घेणे हाच उपाय. वेचलेले कंद म्हणजे मुस्ता! (बाजारात नागरमोथा म्हणून काय काय मिळते, हा वाद येथे नको.)

गाजरगवताचे मात्र काहीच उपयोगी पडत नाही. 1955 च्या सुमारास पुणे परिसरात प्रथम आढळलेले हे तण आज देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने त्वचेवर चिवट विचर्चिकेसारखा विकार होतो व परागाने श्वासाची पीडा. ते फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्वचाविकार वा दमा असलेल्या मजुरास या कामी लावू नये. फुलाआधी उपटलेले खतात चालते, नंतरचे नाही. 1984 मध्ये भारतात आणलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात याची पाने फस्त करतात. ते दिसल्यास तेथे कीटकनाशक मुळीच मारू नये. हिवाळ्यात टाकळ्याचे बी गोळा करून पावसाच्या तोंडावर गाजरगवताच्या जागी फेकल्यास टाकळा दाट उगवून त्यास दाबतो, आणि दद्रूच्या लेपासाठी चक्रमर्दबीज घरचे मिळते.

किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्क बहुतेक ठिकाणी पुरतो : पाच किलो निंबोळीची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, दोनशे ग्रॅम साबणचुरा मिसळून एकूण शंभर लिटर पाणी करावे व सायंकाळी फवारावे. हुमणीचे भुंगे वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेस कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून पाडावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. फोरेटसारखे दाणेदार विष याच हुमणीसाठी जमिनीत घातले जाई. त्यावर 2020 च्या अखेरीस देशात बंदी आली.

वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, हा समज निदान वैद्यांनी तरी बाळगू नये. दशपर्णी अर्कात कण्हेर व रुई असतात. ही आपल्याच ग्रंथांतील उपविषे होत. तुळस, ब्राह्मी अशा कच्च्या पानांच्या वनस्पतींवर आम्ही तो फवारू देत नाही. तंबाखूचा काढाही नाही.

बांधावरून केवळ मोळीच येत नाही. फवारणी करणारा माणूसही आपल्याच दवाखान्यात प्रथम येतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल. घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे स्फुरण व धाप ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेची लक्षणे. कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुवावे व तत्काळ जिल्हा रुग्णालयी पाठवावे. ॲट्रोपिन तेथेच मिळेल. वमन देऊ नये. द्रव्याचा डबा लेबलासह रुग्णाबरोबर द्यावा.

पॅराक्वाट पोटात गेलेला रुग्ण पहिल्या दिवशी चालत येतो, बोलतो. तोंड आलेले असते व घसा जळतो एवढेच सांगतो. फुप्फुसांची हानी काही दिवसांनी प्रकट होते व त्यास प्रतिविष नाही. पेरणी-फवारणीच्या दिवसांत अकस्मात मुखपाक घेऊन आलेल्या तरुणास गंडूषासाठी काही लिहून देण्यापूर्वी, नातेवाइकांना बाहेर थांबवून, त्याने काय घेतले हे एकदा शांतपणे विचारावे आणि संशय वाटल्यास त्याच घटकेस पुढे पाठवावे.