डब्यावरचं ‘असॉर्टेड’

दिवाळी-नाताळ जवळ आले, की वसई-विरारच्या दुकानांतून बिस्किटांचे आणि चॉकलेटचे रंगीत डबे रचले जातात. त्यांच्यावर एक शब्द हमखास असतो, ‘असॉर्टेड’. टिकल्यांच्या पाकिटांवर, गाउनच्या गठ्ठ्यांवरही तो दिसतो. आपण मनात ‘मिक्स असेल’ म्हणतो आणि पैसे देतो. हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे.

मिसळीत उसळ, फरसाण, रस्सा एकजीव होतात, ते मिक्स. नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून ताट येतं, त्यात नेवऱ्या, केक, फुगे जवळजवळ पण आपापल्या जागी असतात, ते असॉर्टेड. प्रत्येक जिन्नस निराळा, आणि कुणीतरी मुद्दाम निवडून एकत्र मांडलेला. या शब्दाच्या पोटात ‘सॉर्ट’ आहे, म्हणजे प्रकार. आणि त्याचं मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे, त्याचा अर्थ सोडतीची चिठ्ठी! गाउनचा गठ्ठा घेताना हे लक्षात ठेवा, बरं का.

मुलं इंग्रजी शाळेत जायला लागल्यावर ‘आई, व्हेरिअस लिहू की असॉर्टेड?’ असा प्रश्न येतोच. मराठी शाळेत शिकलेल्या आईनं तेव्हा गप्प बसायचं कारण नाही. आपल्याकडची केळीच घ्या. बसराई, राजेळी, वेलची अशा निरनिराळ्या जाती आहेत, हे सांगायचं तर ‘व्हेरिअस’. त्यातली चार-चार एका टोपलीत भरून पाहुण्यांना दिली, की टोपली ‘असॉर्टेड’ केळ्यांची. (राजेळी उन्हात वाळवून केलेली सुकेळीही त्यात टाका, पाहुणे पुन्हा येतील.)

माणसांसाठी मात्र तिसरा शब्द, ‘डायव्हर्स’. वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, भंडारी, ख्रिस्ती, वारली आणि नव्यानं राहायला आलेली कुटुंबं. कुणाच्या घरात कादोडी, कुणाच्या घरात वाडवळी. ‘माझं गाव’ या निबंधात अशा वस्तीला डायव्हर्स म्हणावं. असॉर्टेड म्हटलं तर माणसं डब्यात भरल्यासारखी वाटतात. इंग्रज ‘असॉर्टेड नातेवाईक’ म्हणतो तेव्हा तो बहुधा गालात हसत असतो! मुलानं निबंधात घरची बोली लिहिली तर खोडू नका. तिथे तर ‘डायव्हर्स’चा खरा पुरावा आहे.

याच शब्दाचा एक जुना अर्थ मला फार आवडतो. असॉर्टेड म्हणजे जुळलेलं, मेळ बसलेलं. म्हणून न शोभणाऱ्या जोडप्याला इंग्रजीत ‘इल-असॉर्टेड’ म्हणतात, आपल्या भाषेत विजोड. एकाच शब्दात निरनिराळं असणं आणि जुळणं, दोन्ही आलं. वीस वर्षं संसार केलेल्या बाईला याचं नवल वाटणार नाही.

आता पैशाची गोष्ट. डब्यावर एकूण वजन आणि किंमत छापलेली असते, पण ‘असॉर्टेड’ एवढ्यावरून कुठला प्रकार किती, हे कळत नाही. वर चित्र क्रीमच्या बिस्किटांचं आणि आत निम्मी साधी, असं निघालं तर मुलं हिरमुसतात. तेव्हा घेण्यापूर्वी बाजूचा बारीक मजकूर वाचा. घरात अंडं चालत नसेल तर चिन्ह आधी पाहा. हिरवं म्हणजे शाकाहारी. अंड्याचा पदार्थ आपल्या नियमांत मांसाहारात धरतात, त्यामुळे त्यावर तपकिरी चिन्ह येतं. डब्यातल्या एकाच प्रकारात अंडं असलं तरी अख्खा डबा शाकाहारी राहत नाही.

कापडाच्या बाबतीत ‘असॉर्टेड कलर’ याचा सरळ अर्थ, रंग तुम्ही निवडायचा नाही. घरपोच मागवताना तर हे आधीच वाचायला हवं. दुकानात असाल तर गठ्ठा सोडायला सांगा आणि नसेल सोडायचा, तर भाव कमी करून मागा.