प्री-रॅफेलाइटांचा उत्तरार्ध: भिंतीवरून पानावर

१८४८ साली लंडनमध्ये सात तरुणांनी ‘प्री-रॅफेलाइट बंधुमंडळ’ स्थापन केले. दान्ते गॅब्रिएल रॉसेटी, जॉन एव्हरेट मिले आणि विल्यम होल्मन हंट हे त्यांतले प्रमुख. रॉयल अकॅडमीत शिकवली जाणारी साचेबंद, काळपट छटांत बुडालेली चित्रकला त्यांना नकोशी झाली होती. राफाएलपूर्व इटालियन चित्रकारांचा निर्मळ रंग त्यांना हवा होता आणि निसर्गही पानन्‌पान निरखून रंगवायचा होता. मंडळ काही वर्षांतच विस्कटले. शैली मात्र विसाव्या शतकातही चालू राहिली. हा उत्तरार्ध नक्कलकारांचा म्हणून बाजूला सारण्याची रीत पडली आहे, आणि ती अन्यायाची आहे. या काळात ही कला दालनाच्या भिंतीवरून छापील पानावर आली आणि छपाईचे तंत्र बदलेल तसतशी तिची रेषाही बदलत गेली.

याची सुरुवात १८५७ सालच्या एका पुस्तकात दिसते. प्रकाशक एडवर्ड मॉक्सनने टेनिसनच्या कवितांची सचित्र आवृत्ती काढली. तिच्या ५४ चित्रांपैकी ३० मिले, हंट आणि रॉसेटी यांची होती. त्या वेळी चित्र कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर उलटे काढले जाई आणि मग कारागीर रेषांमधली मोकळी जागा कोरून काढी. कोरताना मूळ रेखाटन नाहीसे होई, म्हणजे चित्रकाराच्या हाती उरे तो कारागिराने लावलेला अर्थ. नामांकित डॅल्झिएल बंधूंनी कोरलेले ठसे पाहून रॉसेटी संतापला होता. चित्रकाराची रेषा पानावर जशीच्या तशी कशी उतरवायची, हा प्रश्न इथून पुढे अर्धे शतक या परंपरेची पाठ सोडत नाही.

दुसऱ्या पिढीतल्या एडवर्ड बर्न-जोन्स आणि विल्यम मॉरिस यांची मैत्री ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी असताना जुळली. बर्न-जोन्सच्या घराण्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. त्याची मेहुणी ॲलिस ही जॉन लॉकवुड किपलिंगची पत्नी. हा किपलिंग १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला आणि त्याच वर्षी मुंबईत जन्मलेला त्याचा मुलगा रुडयार्ड पुढे इंग्लंडमधल्या नाताळच्या सुट्ट्या बर्न-जोन्सच्या घरी घालवू लागला.

मॉरिसने १८९१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ भागात केल्मस्कॉट प्रेस काढला. यंत्रावर वेगाने छापलेली, फिक्या शाईची पुस्तके त्याला बघवत नसत. त्याने खिळे स्वतः आखले, कागद हाताने बनवून घेतला आणि छपाई हातयंत्रावर केली. १८९६ सालचा कवी चॉसरचा समग्र ग्रंथ ही या प्रेसची सर्वांत मोठी कामगिरी. त्यात बर्न-जोन्सची ८७ चित्रे असून वेलबुट्टीच्या चौकटी आणि आद्याक्षरे मॉरिसची आहेत. कागदावर ४२५ आणि चर्मपत्रावर १३ प्रती छापल्या गेल्या.

या ग्रंथातल्या चित्रांची घडण मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. बर्न-जोन्स मऊ पेन्सिलीने, धूसर छटा देत रेखाटी. अशा छटा लाकडात कोरता येत नाहीत. म्हणून रेखाटनाची फिकी छायाचित्रप्रत काढून रॉबर्ट कॅटरसन-स्मिथ तिच्यावर शाईने ठाम रेषा ओढी. बर्न-जोन्सने ती तपासली की चित्र ठोकळ्यावर उतरे आणि विल्यम हार्कोर्ट हूपर ते कोरी. यंत्रयुगाला विरोध म्हणून उभ्या राहिलेल्या या ग्रंथाच्या मुळाशी छायाचित्रण होते. त्यामुळे ग्रंथाचे मोल कमी होत नाही. खिळ्यांचा काळेपणा आणि चित्रातल्या रेषेचा काळेपणा इतका एकजीव झालेले इंग्रजी पुस्तक विरळाच. छपाई पुरी झाल्यानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मॉरिस वारला.

तोवर बाजारात लाइन ब्लॉक स्थिरावला होता. शाईचे रेखाटन छायाचित्राद्वारे जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरले की कारागिराच्या हाताशिवाय ब्लॉक तयार होई. केल्मस्कॉटसारखे पुस्तक स्वस्तात काढायचे म्हणून प्रकाशक जे. एम. डेंटने विशीतल्या ऑब्री बीअर्ड्‌स्लीला आर्थर राजाच्या कथांची चित्रे काढायला सांगितले. १८९३–९४ मध्ये आलेल्या या चित्रांवर बर्न-जोन्सची छाप उघड दिसते. पण पुढे पुढे बीअर्ड्‌स्लीचे सपाट काळे-पांढरे पट्टे त्या छापेतून सुटत जातात. मॉरिसला हे काम मुळीच रुचले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी तीनरंगी हाफटोन, म्हणजे रंगछटा बारीक ठिपक्यांत फोडून छापण्याचे तंत्र, आले आणि जलरंगातले चित्र रंगांसह पुस्तकात छापणे परवडू लागले. त्यासाठी गुळगुळीत आर्टपेपर लागे. म्हणून रंगीत पाने वेगळी छापून पुस्तकात घालत. या तंत्राला पुरून उरलेली चित्रकर्ती म्हणजे एलिनॉर फोर्टेस्क्यू-ब्रिकडेल (१८७२–१९४५). रॉयल अकॅडमीत शिकलेली ही चित्रकर्ती तैलरंग आणि जलरंग दोन्ही सारख्याच हातोटीने वापरी. १९०५ च्या ‘द लिटल फुट पेज’ या तैलचित्रात पुरुषवेश घेण्यासाठी रानात केस कापणारी तरुणी आहे, आणि भोवतीचे रान जवळून पाहून रंगवलेले आहे. १९११ साली टेनिसनच्या आर्थरकाव्यासाठी तिने केलेली जलरंगचित्रे छापून निघाली. ठळक बाह्यरेषा आणि स्वच्छ, वेगवेगळे राहणारे रंग यांमुळे ती छपाईत मलूल होत नाहीत. तिचा सहकारी जॉन बायम शॉ याचा जन्म मद्रासचा. त्याच्या १९०१ च्या ‘द बोअर वॉर’ चित्रात हिरव्यागार ओढ्याकाठी शोकवस्त्रातली तरुणी उभी आहे. समकालीन युद्धाचे दुःख या शैलीला पेलते, हे या एका चित्राने सिद्ध केले. १९१० साली त्याने रेक्स व्हायकॅट कोलबरोबर काढलेल्या कलाशाळेत ब्रिकडेलही शिकवत असे. याच परंपरेतले चित्रकार जॉन विल्यम वॉटरहाउस आणि एव्हलिन डी मॉर्गन यांनी मात्र मुख्यतः तैलचित्रेच केली.

पहिल्या महायुद्धाने महागड्या भेटपुस्तकांचा बाजार मोडला आणि अभिरुचीही पालटली. १९१९ साली बायम शॉ आणि एव्हलिन डी मॉर्गन दोघेही गेले. ब्रिकडेलने १९२० मध्ये लिओनार्दो दा विंची आपल्या उड्डाणयंत्राचा नमुना दरबारात दाखवत असल्याचे चित्र रंगवले. युद्धानंतर ती चर्चच्या रंगीत काचांचेही आराखडे करू लागली. लिओनार्दोचे ते चित्र इंग्लंडच्या पोर्ट सनलाइटमधील लेडी लिव्हर कलासंग्रहालयात आहे. तिथेच २०१२ साली तिच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले.