यहूदाचे राजे आणि यिर्मयाचा ग्रंथपट

मराठी बायबलांत हिब्रू ‘नबी’ या शब्दाबद्दल ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’ असे दोन शब्द योजलेले आढळतात. त्यांपैकीं पहिला वाचकाला थोडा चकवितो. पुढें काय होणार एवढेंच सांगणें हें नबीचें काम असतें, तर राजांनीं त्याला ज्योतिष्याप्रमाणें मानपान देऊन पदरीं ठेविलें असतें. पण नबीचा इशारा बहुधा सशर्त असे. आचरण पालटलें तर अरिष्ट टळेल, न पालटलें तर तें येणारच. आणि ही अट राजालाही लागू होती. विरोधाचें मूळ तेथेंच होतें. यहूदाच्या राज्याच्या अखेरच्या काळांत यिर्मयाला जें सोसावें लागलें, त्यावरून हें चांगलें दिसून येतें.

इ. स. पू. ६०९ मध्यें योशीया राजा मगिद्दो येथें मिसरच्या फारोकडून मारला गेला, आणि थोड्याच महिन्यांत फारोनें त्याचा पुत्र यहोयाकीम याला गादीवर बसविलें. देशावर मिसरच्या खंडणीचा बोजा असतांना या राजानें गंधसरूच्या लांकडानें मढविलेला प्रशस्त वाडा बांधावयास घेतला, व मजुरांची मजुरी बुडविली. यिर्मयानें त्याला उघड बजाविलें कीं, गंधसरूनें कोणी राजा होत नाहीं. गोरगरिबांचा न्याय करणारा त्याचा बापच खरा राजा होता.

मंदिराच्या अंगणांत उभें राहून, अन्याय चालू राहिला तर हें मंदिरही उरणार नाहीं, असें त्यानें सांगितलें, तेव्हां याजक त्याच्या जिवावर उठले. कांहीं वडीलधाऱ्यांनीं जुना दाखला काढला: शंभर वर्षांपूर्वीं मीखानें असाच इशारा दिला असतां हिज्कीया राजानें त्याला मारलें नव्हतें, उलट देवाची करुणा भाकली होती. यिर्मया वाचला. उरीया नांवाच्या दुसऱ्या नबीला मात्र यहोयाकीमनें मिसरांतून धरून आणवून तरवारीनें मारलें.

इ. स. पू. ६०५ मध्यें कार्कमीश येथें बाबेलनें मिसरचा पराभव केला. यिर्मयाला मंदिरांत जाण्यास मज्जाव होता. म्हणून त्यानें आपलीं वचनें बारूख या लेखनिकाकडून एका ग्रंथपटावर लिहवून घेतलीं. पुढील वर्षीं बाबेलच्या सैन्यानें समुद्रकांठचें अश्कलोन नगर उद्ध्वस्त केलें. त्याच हिवाळ्यांत यरुशलेमांत सार्वजनिक उपवास झाला. त्याचें कारण हेंच असावें. जमलेल्या लोकांपुढें बारूखनें पट वाचला. दरबारच्या सरदारांनीं तो ऐकला, आणि राजाला कळविण्यापूर्वीं बारूख व यिर्मया यांना लपून राहण्यास सांगितलें. धन्याचा स्वभाव ते पुरतेपणीं जाणत होते.

राजा शेगडीपाशीं बसला होता. तीन-चार रकाने वाचून होतांच तो तेवढा भाग चाकूनें कापी आणि विस्तवांत टाकी. तिघां सरदारांनीं विनविलें तें व्यर्थ गेलें. मंदिरांत सांपडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ ऐकून योशीयानें आपलीं वस्त्रें फाडलीं होतीं. पुत्रानें ग्रंथच जाळला. यिर्मयानें सारा मजकूर बारूखला पुन्हां सांगितला, आणि त्यांत भर घातली. इ. स. पू. ५९७ मध्यें यरुशलेम बाबेलच्या हातीं पडलें. ब्रिटिश म्युझियममधील एका बाबिली मृत्तिकाफलकावर ही घटना नोंदलेली आहे.

लोकांची अडचणही खरी होती, कारण नबी एकच नव्हता. बाबेलचें जूं पत्करा, हें सांगण्यासाठीं यिर्मया मानेवर लांकडी जूं घेऊन फिरूं लागला, तेव्हां हनन्या नांवाच्या नबीनें तें मोडून टाकलें आणि दोन वर्षांत सुटका होईल असें देवाच्याच नांवानें जाहीर केलें. यिर्मया प्रथम ‘आमेन’ म्हणाला. तसें घडावें हीच त्याचीही इच्छा होती. पण लोकांना रुचणारें बोलणाऱ्या नबीची पारख त्याचें बोलणें खरें ठरल्यावरच होते, एवढें बोलून तो त्या वेळीं निघून गेला.

शेवटचा राजा सिद्कीया क्रूर नव्हता, दुबळा होता. सरदारांनीं यिर्मयाला चिखलाच्या हौदांत सोडलें, तें त्यानें होऊं दिलें. एबद-मलेख या कूशी सेवकानें त्याला वर काढण्याची परवानगी मागितली, तीही दिली. काखेंत जुन्या चिंध्या घालून दोरांनीं त्याला ओढून काढण्यांत आलें. मग राजानें त्याला गुप्तपणें बोलावून सल्ला विचारला. शरण जा, नगर वांचेल, असें उत्तर मिळालें. पण आधींच फितून गेलेल्या यहूदी लोकांच्या टवाळीचें त्याला भय वाटत होतें. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास तट फुटला. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारण्यांत आले, नंतर त्याचे डोळे काढण्यांत आले. बाबेलला सन्मानानें येण्याची मोकळीक यिर्मयाला मिळाली होती. तो उद्ध्वस्त देशांत उरलेल्या गरीब लोकांबरोबर राहिला.