तीन मुलं, एक गादी आणि गोल फिरणारी पसंती

एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं आणि बडोद्याची गादी रिकामी झाली. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून गायकवाडांच्या भाऊबंदांपैकी तीन मुलं आणली गेली: आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. इथं कशाला आलास, असं प्रत्येकाला विचारलं, तेव्हा बारा वर्षांचे गोपाळराव म्हणाले, राज्य करायला. आख्यायिका तरी अशीच आहे. २७ मेला दत्तकविधान झालं आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

मला या गोष्टीत भुरळ घालतो तो तिथला एकच प्रश्न. कसोटी एक असली की पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम आपोआप लागतो. कसोट्या तीन असत्या तर?

समजा क, ख, ग अशी कुठलीही तीन मुलं आहेत. हुशारीत त्यांचा क्रम क, ख, ग. तब्येतीत ख, ग, क. अभ्यासात ग, क, ख. आता दोघादोघांना समोरासमोर ठेवा आणि तीनपैकी दोन कसोट्यांवर जो सरस, तो निवडा. क आणि ख मध्ये क जिंकतो. ख आणि ग मध्ये ख. म्हणजे ग सगळ्यात मागे, असं वाटतं ना? पण ग ला क समोर उभा करा: तब्येतीत ग पुढे, अभ्यासातही ग पुढे. ग जिंकला! निवडणाऱ्याची कुठेच चूक नाही, तरी पसंती गोल फिरली.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९५४ मध्ये केनेथ मे या गणितज्ञानं ६२ विद्यार्थ्यांपुढे तीन काल्पनिक स्थळं ठेवली. बुद्धी, रूप आणि पैसा यांत प्रत्येक स्थळ कुठे उजवं, कुठे डावं. दोन-दोन स्थळांतून निवडायला सांगितल्यावर १७ जणांची पसंती अशीच गोल निघाली.

गोल पसंती महागात पडू शकते. समजा, बडोद्यातल्या मांडवीच्या बाजारात एका बाईंना पाटोळ्यापेक्षा पैठणी आवडते, चंदेरीपेक्षा पाटोळं आणि पैठणीपेक्षा चंदेरी. हातात चंदेरी आहे. दुकानदार म्हणतो, वर पन्नास रुपये द्या, पाटोळं घ्या. मग आणखी पन्नास, पैठणी. आणखी पन्नास, चंदेरी. दीडशे रुपये गेले, हातात तीच साडी, आणि तिन्ही सौदे बाईंच्या मनासारखे!

आता अर्थशास्त्रातली ‘उपयोगिता’ काय आहे ते दिसू लागतं. वस्तूत भरलेला किंवा मनात साठलेला सुखाचा रस म्हणजे उपयोगिता, असा समज सर्रास आढळतो. पण जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात तिला जे रूप दिलं, त्यात आधी निवड येते आणि आकडा मागून. समजा, दुसऱ्या कुणाची पसंती सरळ आहे: पैठणी, मग पाटोळं, मग चंदेरी. पैठणीला १ आणि चंदेरीला ० देऊ. त्या व्यक्तीला विचारा: पाटोळं नक्की घ्याल, की पैठणी किंवा चंदेरी निघेल अशी सोडत? पैठणीची शक्यता वाढवत जा. ७० टक्क्यांवर ती म्हणाली, आता दोन्ही सारखंच, की पाटोळ्याची उपयोगिता ०.७. केवळ निवडीतून आकडा हाती आला, मनात डोकवावं लागलं नाही. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं.

मांडवीतल्या त्या बाईंसाठी मात्र असे आकडे लिहिताच येत नाहीत. पैठणीचा आकडा पाटोळ्याहून मोठा, पाटोळ्याचा चंदेरीहून मोठा आणि चंदेरीचा पैठणीहून मोठा हवा; म्हणजे पैठणीचा आकडा स्वतःपेक्षाच मोठा व्हायला हवा.

शिवाय ० आणि १ कुठे ठेवायचे हे आपणच ठरवलं. त्यामुळे माझे ०.७ आणि तुमचे ०.७ सारखे, असं म्हणता येत नाही. आणि एका घरातल्या तिघांची पसंती वेगवेगळी पण सरळ असली, तरी बहुमतानं ठरवलेली घराची पसंती गोल फिरू शकते, हे फ्रान्सच्या काँदोर्सेनं १७८५ मध्येच दाखवलं होतं. वरचीच क, ख, ग ची मांडणी घ्या आणि तीन कसोट्यांच्या जागी आई, वडील आणि आजी बसवा.