प्रतिध्वनी न आल्याची नोंद

उत्तर फिनलंडमध्ये, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, सोदानक्युला हे गाव आहे. तिथली भूभौतिकी वेधशाळा माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४४ साली उद्ध्वस्त केली. ती पुन्हा उभी राहिली आणि १९५७ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने, तिथे आयनोसोंड बसलं.

हे यंत्र सरळ वर रेडिओ स्पंद सोडतं आणि वारंवारता चढवत नेतं. तीनशे किलोमीटरवरून परतायला स्पंदाला दोन मिलिसेकंद लागतात. पाच मेगाहर्ट्झची लहर जिथून उलटते, तिथे घन सेंटिमीटरमागे सुमारे तीन लाख इलेक्ट्रॉन असतात. आलेखावर उंची मात्र खरीहून जास्त दिसते, कारण या उंचावरच्या आयनीभूत थरात शिरताना स्पंदाचा वेग मंदावतो.

हे सगळं विषुववृत्तापाशीही होतं. उत्तरेची तऱ्हा वेगळी. १९३२-३३ च्या ध्रुवीय वर्षात भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ॲपलटन आपले सहकारी घेऊन नॉर्वेतल्या ट्रोम्सोला गेले. चुंबकीय वादळ उठलं की तिथे प्रतिध्वनी साफ नाहीसे होत. चुंबकीय रेषांवरून उतरणारे वेगवान इलेक्ट्रॉन शंभर किलोमीटरच्याही खालच्या हवेचं आयनीभवन करतात. तिथे हवा दाट. लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळत राहतात आणि लहरीची ऊर्जा जिरते. वरचा थर जागेवरच असतो, लहर तिथवर जाऊन परतण्याइतकी उरत नाही.

आलेख वाचणाऱ्यांची शिस्त मला या सगळ्यात जास्त आवडते. रेघ दिसली नाही म्हणून रकाना कोरा सोडायचा नाही. लहर शोषली गेली असेल तर ‘बी’, यंत्र बंद पडलं असेल तर ‘सी’, रेघ विस्कटून पसरली असेल तर ‘एफ’. बी आणि सी यांत गल्लत झाली, तर आकाशातलं वादळ वीज गेल्याच्या खात्यात जमा व्हायचं!

अशा नोंदी दशकानुदशके साठल्या. कार्बन डायऑक्साइड वाढला की जमिनीलगतची हवा तापते, पण फार वरची थंड होऊन आकसते, असं गणित १९८९ मध्ये रोबल आणि डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं. हवा आकसली तर तिच्यातला आयनांचा थरही खाली यायला हवा. साठलेल्या नोंदींवरून सोदानक्युलाचा वरचा थर खाली सरकतो आहे, असं थॉमस उलिख आणि एसा टुरुनेन यांनी १९९७ मध्ये दाखवलं. पण ही उंची थेट मोजलेली नसते, आलेखावरच्या आकड्यांतून सूत्राने काढावी लागते. सूत्र बदललं की उतारही थोडा बदलतो. शिवाय इतर काही केंद्रांच्या नोंदींत थर उलट वर चढल्याचं निघालं.