मुका 'के' एकेकाळी बोलत होता

इंग्रजीत रात्र म्हणजे 'नाइट' आणि चिलखत घालून घोड्यावर बसणारा सरदारही 'नाइट'च. कानाला तसूभरही फरक कळत नाही. मग सरदाराच्या स्पेलिंगला सुरुवातीचा 'के' कशाला? आणि दोघांच्याही पोटात 'जी-एच' काय करतात? शाळेत उत्तर मिळतं: ती अक्षरं सायलेंट आहेत, पाठ करा. पण खरी गंमत पुढेच आहे. ही अक्षरं एकेकाळी चांगली बोलत होती!

चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळात, रात्र होती साधारण 'निख्त' आणि सरदार होता 'क्निख्त'. 'के' खणखणीत उच्चारला जाई. 'जी-एच' म्हणजे ह आणि ख यांच्यामधला, टाळूला घासून येणारा आवाज. म्हणून तर बघा मोठ्याने! 'अग्नी' म्हणणाऱ्या मराठी जिभेला 'क्नि' मुळीच जड नाही. आणि 'क्निख्त'चा जुना अर्थ काय होता? मुलगा, नोकर, आपल्या भाषेत चक्क 'पोऱ्या'! इंग्लंडात हा पोऱ्या बढती मिळवत सरदार झाला. जर्मनीतला त्याचा सख्खा भाऊ 'क्नेख्त' मात्र गडीच राहिला, आणि त्याचा 'के' आजही ऐकू येतो.

इंग्लंडात आधी 'जी-एच'चा आवाज विरला. तो जाताना मागची 'इ' लांबून 'ई' झाली आणि पुढे त्या 'ई'चा 'आइ' झाला. दोन्ही शब्द याच वाटेने गेले. त्यांना वेगळं ठेवणारा एकटा 'के' उरला होता. सतराव्या शतकाच्या आसपास तोही गळाला आणि रात्र नि सरदार कानाला एक झाले.

मग स्पेलिंग का नाही बदललं? 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापील स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण जिभा काही थांबल्या नाहीत. दारावरची पाटी जुनीच राहावी आणि आत भाडेकरू बदलत जावेत, तसं झालं.

भेटण्याचं 'मीट' आणि मटणाचं 'मीट' यांचीही तीच कथा. 'डबल ई' आणि 'ई-ए' ही दोन वेगळ्या स्वरांची स्पेलिंगं होती. एक 'ए' आवळून म्हटलेला, दुसरा तोंड अधिक उघडून. दीर्घ स्वर पिढ्यान्‌पिढ्या वर सरकत गेले आणि दोघेही 'ई'वर येऊन एक झाले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या उलथापालथीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' हे नाव दिलं.

सगळ्यात नवल पिठाचं! इंग्रजीत पीठही 'फ्लावर' आणि फूलही 'फ्लावर', आणि हे शब्द मुळात एकच. दळलेल्या गव्हातला सर्वांत उत्तम भाग, म्हणजे गव्हाचं जणू फूलच. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशातही हे दोन शब्द वेगळे केलेले नाहीत. इथे दोन शब्द एक झाले नाहीत. एकाचेच दोन झाले आणि उच्चार तोच राहिला.

आपणही 'भाषा' लिहिताना पोटफोड्या ष काढतो आणि बोलताना बहुतेक जण श म्हणतो. तेव्हा घरातलं मूल मुक्या 'के'ला वैतागलं, तर 'पाठ कर' म्हणू नका. त्याला एकदा 'क्निख्त' म्हणायला लावा.